बाबांच्या गाडीचे स्पीकर

बाबांची तीस वर्षं पॉवरलूमवर गेली. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात, मग स्वतःच्या चार लूमवर. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. घरी त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागायचं, त्यामुळे आई कामापुरतंच बोलू लागली होती. डॉक्टरकडे चला म्हटलं की ते म्हणायचे, "मेलेल्या कानाला मशीन लावून काय व्हनार हाय?"

त्यांचा सगळा जीव एका जुन्या गाडीत होता. तिच्यात मूळचा रेडिओ होता आणि दोन लांबट स्पीकर, एक डॅशबोर्डखाली, एक मागच्या सीटच्या पाठीशी. रेडिओ लावला की नुसती खरखर यायची. बाबा आवाज वाढवायचे, खरखर वाढायची, मग वैतागून बंद करायचे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी नुकती शाळेत शिकवायला लागले होते. एका रविवारी हट्टानं त्यांना गाडीसकट, गाड्यांचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिककडे नेलं. हे गृहस्थ वयानं बाबांच्या बरोबरीचे, कोकणी मुसलमान; सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या डाव्या कानामागे कानाचं मशीन होतं. बाबांनी ते पाहिलं आणि नजर वळवली.

"नव्या स्पीकरसाठी दरवाजे कापायचे न्हाय," बाबांनी आधीच बजावलं.

"कशाला कापू, शेठ? जुन्याच भोकात बसेल अशी प्लायवूडची पट्टी करतो," चाचा मोठ्यानं म्हणाले.

त्यांनी स्पीकर काढून माझ्या हातात दिला. आतला कागद इतका सडला होता की बोट लागताच भुगा झाला. दुपारपर्यंत पट्ट्या कापून, घासून, दोन्ही नवे स्पीकर बसले. जुने त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवले. मूळचं सामान टाकायचं नसतं, म्हणाले.

रेडिओ लागला. मराठी बातम्या चालू होत्या. मी सवयीनं आवाज वाढवायला हात पुढे केला, तर बाबांनी माझं मनगट धरलं.

"थांब. पाऊस म्हनतोय तो. कोकनात पाऊस."

त्यांनी शब्द ओळखले होते. सगळे नाही, पण बरेच. ते स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच ऐकत बसले. चाचा खिडकीशी वाकले आणि अगदी जवळून, सावकाश म्हणाले, "शेठ, मीपण लूमवरचाच. मलाही वाटायचं, कान मेले. आवाज मोठा नको असतो आपल्याला, साफ हवा असतो."

बाबांनी या वेळी त्यांच्या कानामागच्या मशीनकडे नीट पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "ते टोचतं का कानाला?"

"पहिला आठवडा."

पुढच्याच आठवड्यात ते माझ्याबरोबर कल्याणच्या डॉक्टरांकडे आले. मशीन कानात बसवल्यावर पहिले दोन दिवस त्यांनी भांड्यांच्या, पंख्याच्या, शेजारच्या कोंबड्याच्या तक्रारी केल्या. लूमवर जाताना मात्र ते काढून खिशात ठेवायचे.

तिसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरात त्यांच्याविषयी माझ्याकडे कुरकुरत होती. बाहेरून बाबांचा आवाज आला, "आयकतोय मी."

आई दचकली. मग पदर सावरत बाहेर गेली आणि त्यांच्यासमोर बसून, कित्येक वर्षांचं साठलेलं सगळं, शांत आवाजात सांगायला लागली.