अमावस्येला काम करणारा सुतार

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. आता गुडघेसुद्धा बोलतात, तेव्हा फक्त तोंड बोलायचं. त्या मानानं तरुणच म्हणायचं.

आमचे हे माझ्या आधी निवृत्त झाले. गुलबर्ग्याला सरकारी कचेरीत साहेब होते. हुमनाबादच्या घरी परत आलो आणि साहेबांना करायला काही उरलं नाही. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचे, पेपर वाचायचे, जेवायचे आणि पुन्हा तोच पेपर वाचायचे. बोलणं कमी झालं, मग भाकरी कमी झाली. हा माणूस असाच बसून बसून संपणार, असं मला वाटायला लागलं होतं.

एक दिवस पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "मागच्या शेडात मी पंखे, मिक्सर दुरुस्त करणार."

ती शेड पत्र्याची. पूर्वी तिथं तुरीची पोती असायची. आमच्याकडं घरात कप्पे करायचे तर भिंतीत शहाबादी फरशी बसवतात, पण पत्र्याला फरशी कशी बसणार? म्हणून लाकडाची मांडणी करायचं ठरलं. कारखान्यांत यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, त्यांच्या फळ्या यांनी भंगारवाल्याकडून आणल्या. चार उभे खांब, त्यांना आडव्या फळ्या. खाली जड मोटारी, वर स्क्रूच्या डब्या. पेपरच्या कडेला चित्र काढून मला दाखवलं. त्या दिवशी जेवताना स्वतःहून भाकरी मागितली.

"सुताराला बोलवा की," मी म्हणाले.

"कामून? मला हात न्हाईत काय?"

हात होते. पण त्या हातांना लोक साहेबांचे हात म्हणायचे, आणि त्या साहेबांची मी बायको होते. आता हा साहेब बनियनवर, कानाला पेन्सिल लावून, डोक्यात भुसा घेऊन करवत ओढणार, आणि गल्ली बघणार! आमच्या लोकांत कामालाच पूजा मानतात. हेच मी जन्मभर मुलींना फळ्यावर लिहून दिलं, खाली दोन रेघा ओढून. घरातल्या फळीला करवत लागली तेव्हा त्या रेघा कुठं गेल्या कोण जाणे.

शेजारी एक अक्का राहायच्या. मधली भिंत उंच होती, पण अक्कांचे कान त्याहून उंच. पहिल्याच दिवशी भिंतीपलीकडून विचारलं, "बाई, काय ठोकाठोकी चाललीय वो?"

"सुतार आलाय, अक्का. उदगीरचा," मी म्हणाले. तोंडातून कसं सहज आलं! गाव पण सांगून टाकलं.

"आणि साहेब दिसंनात ते?"

"पेन्शनच्या कामाला जायलेत, गुलबर्ग्याला."

झालं. एका खोट्याला जोडीदार मिळाला. मागचं दार मी लावून घ्यायला लागले. हे आतून हाक मारायचे, "अगं, जरा फळीचं दुसरं टोक धर." मी म्हणायचे, "पोळ्या करायल्ये." दिवसभर पोळ्या! एवढ्या पोळ्या कुणी खाल्ल्या, हे त्यांनी विचारलं नाही. एका टोकाखाली विटा रचून ते एकटेच कापत राहिले.

तरी एवढ्यावर मी थांबले असते तर आज हे हसत सांगितलं असतं. पण खोट्याला खरं दिसायचं होतं ना. आमच्या स्वयंपाकघराच्या बाहेर कोनाड्यात एक पेला वेगळा ठेवलेला असायचा. कामाला येणाऱ्या माणसांसाठी. तो घरातल्या भांड्यांत मिसळायचा नाही, जो प्यायला त्यानंच विसळून पालथा घालायचा. असा पेला अक्कांकडं होता, गल्लीत सगळ्यांकडं होता, आणि कुणी त्याबद्दल कधी बोलायचं नाही. अक्का गच्चीवर पापड वाळत घालायला यायच्या, तिथून आमचं अंगण दिसायचं. म्हणून मी चहा त्या पेल्यात ओतून अंगणातून शेडात न्यायला लागले. माझ्या नवऱ्याला. ते कामात गुंग. पेला कुठला, बघायचेसुद्धा नाहीत. "आज आलं छान पडलंय," म्हणायचे आणि विसळून पालथा घालायचे.

मला तेव्हा स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. हे लिहायला हात धजत नाही, पण वाटलं होतं.

मग अमावस्या आली.

आमच्याकडं लहान पोराला पण माहीत असतं की अमावस्येला सुतार, लोहार हत्याराला हात लावत नाहीत. कितीही घाई असू दे, त्या दिवशी सुट्टी. आणि मला, जिनं उदगीरचा सुतार जन्माला घातला तिला, हे आठवलं नाही. मी देवाला नारळ फोडत होते आणि मागं शेडात जोरात ठोकाठोकी चालली होती.

अक्का भिंतीवरून बोलल्याच नाहीत. सरळ मागच्या फाटकातून आत आल्या.

"बाई! अमावस्येला काम करायलाय तुमचा सुतार? कसला सुतार म्हणायचा ह्यो? बघू तरी. आमच्या पलंगाचा पाय डुगडुगायलाय, कवापासून म्हणायले, ह्यालाच दाखवावं."

"अक्का, थांबा, तो..." मी धावले. पण त्या माझ्यापुढं निघून गेल्या होत्या.

हे अर्ध्या झालेल्या मांडणीपुढं उकिडवे बसले होते. बनियन, कानाला पेन्सिल, आणि हातात तो पेला. चहा पीत होते.

अक्कांनी यांच्याकडं बघितलं. मग पेल्याकडं. मग माझ्याकडं, आणि पुन्हा पेल्याकडं. आणि यांनी अक्कांची नजर जिथं थांबली तिथं, आपल्या हाताकडं, पहिल्यांदा नीट बघितलं. बंद दार, पोळ्या, पेला: सगळं त्यांना एकदम कळलं. मला दिसलं ते कळताना.

तरी काय बोलला हा माणूस! "या अक्का. पलंगाचा पाय ना? उद्या बघतो. आज अमावस्या."

अक्का तोंडाला पदर लावून हसत गेल्या. यांनी उरलेला चहा संपवला, पेला विसळला आणि कोनाड्यात पालथा घातला. रोजच्यासारखाच. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले असते, आणि भांडणात मी हरत नाही.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसले. पेपर वाचला. जेवले, अर्धी भाकरी. पुन्हा पेपर. मागं शेडात काही आवाज नाही. मी भिंतीजवळ गेले तर अक्कासुद्धा बोलेनात. असे काही दिवस गेले. ज्या आवाजाची मला लाज वाटायची तो यावा म्हणून मी कान लावून बसायचे.

शेवटी एका सकाळी, गल्लीत दूधवाल्यापाशी सगळ्या बायका उभ्या असताना, मी शेडातून एक फळी ओढत पुढच्या अंगणात आणली. करवत आणली. साडी खोचली, फळीवर पाय दिला आणि कापायला लागले. करवत दोनदा अडकली, तिसऱ्यांदा वाकडी गेली. घाम आला. फळीचं दुसरं टोक टणाटणा उडत होतं.

"बाई, हे काय करायलात?" अक्का ओरडल्या.

"मांडणी करायल्ये," मी पण ओरडले. "उदगीरचा सुतार कुणी नव्हताच, अक्का. आमचेच साहेब सुतार. मलाच त्यांची लाज वाटली."

ओट्यावर पेपर खाली आला. हे चपला घालून खाली उतरले, फळीच्या दुसऱ्या टोकावर बसले, इस्त्रीच्या पँटसकट.

"रेटू नगंस," म्हणाले. "ओढ नुसती. जोर करवतीला असतोय."

तासाभरानं त्यांनी चहा मागितला. मी त्यांना त्यांच्या कपात दिला आणि तो पेला मी घेतला. ते बघत होते. मला वाटलं होतं चहा कडू लागेल; तसं काही नाही, आलं तेवढं जास्त पडलं होतं. त्या दिवसापासून मी त्याच पेल्यात पिते. कोनाड्यात आता चाव्या असतात.

मांडणी उभी राहिली. माझी वाकडी फळी त्यांनी बरोबर डोळ्यांसमोरच्या रांगेत बसवली, दुसरीकडं कुठंच नाही. पंख्यांची गिऱ्हाइकं येतात, विचारतात, "ही एक अशी कामून?" हे म्हणतात, "उदगीरचा एक सुतार होता, त्यानं कापली." मी आत जाते.

आणि अमावस्येला ते शेडाला कुलूप लावतात, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसतात. अक्कांचेही केस आता पांढरे झालेत, तरी त्या भिंतीवरून विचारतातच, "साहेब, आज काम न्हाई?"

"न्हाई अक्का," हे मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगतात. "आम्हा सुतारांना आज सुट्टी."