तेल लावलेला बेडूक

सिंदेवाहीच्या अलीकडच्या त्या गावात पाऊस लांबला, धानाचे पऱ्हे, रोवणीची रोपं, पिवळे पडू लागले, की धोंडी निघते. मुसळाला कडुनिंबाचा पाला गुंडाळायचा, त्यात जिवंत बेडूक बांधायचा आणि दारोदार न्यायचा. बायका त्यावर पाणी ओततात. बेडूक धरण्याचा मान मुखरूचा. फिरवताना बेडूक मेला तर पाऊस रुसतो, असं गाव मानतं. मुखरूच्या हाती कधी मेला नव्हता.

हे यश तो तेलाचं समजे. उन्हानं कातडी सुकू नये म्हणून तो बेडकाला मोहाच्या बियांचं तेल चोळी, तान्ह्या लेकराला चोळावं तसं. ओतलेलं पाणी त्या अंगावरून घरंगळून जाई. फेरी संपली की बेडूक बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाण्यात सोडायचा आणि मागं न पाहता घरी यायचं, ही रीत.

यंदा ऊन जास्त, म्हणून तेलही जास्त. रुखमाबाईच्या दारी मुसळ खाली घेतलं तेव्हा बेडकाच्या गळ्याखालची धडधड थांबलेली होती. मुखरूला ते दिसलं. रुखमाबाईनं पाणी ओतलं, हात जोडले, सुनेलाही जोडायला लावले. मुखरूनं मुसळ पुन्हा उचललं. पुढच्या दारी गेला, त्याच्या पुढच्या दारी गेला. उरलेल्या गावानं मेलेल्या बेडकाला नमस्कार केला.

बोडीवर या वेळी त्यानं मागं पाहिलं. पांढरं पोट वर करून बेडूक काठाशीच तरंगत होता.

पुनम, त्याची लेक, कॉलेजात शिकते. ती भाजी निवडत होती. बेडूक कशानं मरत असेल, असं त्यानं सहज म्हणून विचारलं. तिनं त्याच्या तेलकट हातांकडे पाहिलं.

"बाबा, बेडूक कातडीनंबी श्वास घेते. कातडी ओली अन् मोकळी लागते. तेल लावलं तं गुदमरन ना तो."

"मी तं दरसाल..." म्हणता म्हणता मुखरू थांबला. दरसालचे बेडूक त्याच्या डोळ्यांसमोर आले. मेले नव्हते असं नाही. त्यानं मागं वळून पाहिलं नव्हतं.

चार दिवसांनी पाऊस लागला. धोंडीच्या पुढं चालणारा म्हातारा नथ्थू नारळ घेऊन अंगणात आला. मुखरूचा हात चांगला, असं सारं गाव म्हणत असल्याचं त्यानं सांगितलं.

मुखरू खाली बघून म्हणाला, "नथ्थूभाऊ, बेडूक मेला होता. रुखमाबाईच्या दारातच. माह्या तेलानं मेला."

नथ्थूनं अंगणात साचलेल्या पाण्याकडे बोट दाखवून नारळ पुढं केला. मग म्हणाला, "मेला, तरी पाणी आलं ना? मंग हेच बरोबर असन. पुढच्या सालीबी तेल लावजो."

दारात पुनम उभी होती. नारळ घ्यायला नको, हे मुखरूला कळत होतं. तरी त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला.