गुडघ्यावरची हातोडी

सिस्टर माझ्या लेकीच्या गुडघ्याखाली हात घालतात, छोट्या रबरी हातोडीने हलकेच ठोकतात आणि तिचं पाऊल टुणकन उडतं. मग म्हणतात, "चला, आता इंजेक्शन देऊ या."

बाळंतपणात रक्तदाब चढून तिला झटके आले, म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन चालू आहे. कमी पडलं तर पुन्हा झटके, जास्त झालं तर श्वासच मंदावेल. "त्याआधी पाय उडायचा थांबतो, म्हणून प्रत्येक डोसाआधी बघायचं," असं सिस्टरांनी सांगितल्यापासून माझी नजर त्या पावलावरून हलत नाही.

पोटात असताना ही दुपारभर गप्प राहिली की मी अशीच घाबरायचे. पोटावर हात ठेवून म्हणायचे, मार की गं एक लाथ. माणूस जिवंत आहे, एवढं कळायला किती थोडं पुरतं!

पुढच्या डोसाआधी पुन्हा हातोडी पडली. पाऊल हललं नाही. सिस्टरांनी परत ठोकलं, तरी नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, आधी तिचा पाय सोडा."

भीतीने मी तिचा घोटा घट्ट धरून ठेवला होता.

मी हात काढला. हातोडी वर गेली, आणि ती खाली येईपर्यंत हा रिकामा हात कुठे ठेवावा, तेच मला कळेना.