गोविंदाभाऊंचे शेवटचे निंब

आमच्या चंद्रपूरच्या कॉलनीत सावलीत उभं राहायचं तर रुखमाबाईंच्या झाडाखालीच राहावं लागतं. रस्त्याकडेचे करंज, शाळेपुढचे निंब, दुभाजकावरची कण्हेर, सगळं त्यांच्या आणि त्यांच्या यजमानांच्या, गोविंदाभाऊंच्या नर्सरीतून गेलेलं.

दोघंही मूल गावाकडचे, तळ्यावर मासे धरणाऱ्या घरचे. तळं आटायला लागलं तेव्हा शहरात येऊन बांधकामावर लागले. एका घरमालकिणीनं सहज विचारलं, इथं झाड जगेल का हो? पुढच्या खेपेला गोविंदाभाऊंनी गावाकडून मडक्यात निंब आणला. तो लागला. मग शेजारणीनं मागितला. शहर वाढत गेलं, उन्हाळे कडक होत गेले, आणि मूल रस्त्याला भाड्याच्या पडीक जागेवर जुन्या साड्यांच्या सावलीत काळ्या पिशव्यांच्या रांगा लागल्या.

पुढं लोक पाम मागू लागले. गोविंदाभाऊ पाम देत, वर विचारत, "साहेब, याच्या सावलीत बसान कसे? आळीपाळीनं?" आणि एक निंब फुकट गाडीत टाकत.

मी दरवर्षी त्यांच्याकडून तुळस आणते. तुळशीचे पैसे रुखमाबाई घेत नाहीत. मी नारळ ठेवते.

पिशवीतलं झाड पावसाळ्यात सांभाळावं लागतं. मुळं पिशवीच्या भोकांतून उतरून खालची जमीन धरतात. म्हणून पिशव्या अधूनमधून उचलून सरकवतात. गोविंदाभाऊ हे काम दुसऱ्या कुणाला देत नसत.

गेल्या आषाढात ते गेले. छातीत दुखतं म्हणाले, दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोचले, आणि संपलं. स्वतः निंबोळ्या वेचून त्यांनी केलेले निंब तेव्हा कमरेला आले होते. घरात रडारड चालू असतानाच त्यांचा मुलगा भूपेश पिशव्या सरकवायला निघाला. रुखमाबाईंनी त्याला दारातच अडवलं.

"सुतकात झाडाले हात नाई लावायचा."

"माय, पाणी थांबून नाई राह्यलं. मुळं उतरतीन ना!"

"उतरू दे. बापाचं सुतक हाय तुले."

आमच्यातही सुतकात तुळशीला शिवत नाहीत. त्यांची तर अख्खी नर्सरीच देवाची. मला त्यात वावगं वाटलं नाही.

तेरवी झाली आणि त्याच रात्री भूपेशला वरोऱ्याला, कापसाच्या जिनिंगच्या कामावर परतावं लागलं. रुखमाबाई रिवाजाप्रमाणं सव्वा महिना घरात बसल्या. बाहेर पाऊस पडतच होता. उठल्या, नर्सरीत गेल्या, एक पिशवी धरली. ती जागची हलेना.

तरी निंब तिथंच वाढले असते. पण दिवाळीत जागेच्या मालकानं सांगितलं, जमीन विकली, प्लॉट पडणार, रिकामी करा. भूपेश काम सोडून आला. त्यानं मूलच्या बाजूला नवी जागा पाहिली. तेवढ्यात एका नव्या दवाखान्यानं आवारासाठी सगळे निंब मागितले. त्या आर्डरवरच नव्या जागेचं पाणी, कुंपण, सगळं उभं राहणार होतं.

निंब उपटले त्या दिवशी मी तिथं होते. पिशवी उचलली की खाली मुळं तटातट तुटायची. रुखमाबाई दर वेळी डोळे मिटायच्या. पानं मात्र हिरवीगार होती. मुळं तुटलेलं झाड दोन-चार दिवस तसंच हिरवं दिसतं.

दवाखान्याचे सुपरवायझर टेम्पो घेऊन आले. "वा! काय तजेलदार आहेत!"

भूपेश आईच्या कानाशी लागला. "माय, गप राह्य. मंग सुकले तं म्हणू, तुमचंच पाणी कमी पडलं."

रुखमाबाई पुढं झाल्या. "साहेब, हे आज नोका नेऊ. मुळं तुटले हायत. महिनाभर सावलीत राहू द्या. जगतीन ते न्या."

"बाई, आठवड्यावर उद्घाटन आलंय. वाळली तर वाळली, दुसरी लावू."

"तं मंग दुसरेच लावा. हे भूपेशच्या बाबाचे हायत."

सुपरवायझर हसले. टेम्पो रिकामा गेला. दवाखान्यात नंतर आंध्रातून ट्रकनं आलेली झाडं लागली.

भूपेशनं फावडं फेकलं. "देवाले भेली तं मुळं गेले. आता आर्डर बी घालवली. अजून काय घालवाचं राह्यलं वं माय?"

रुखमाबाई खाली बसून एकेका निंबाची पानं खुडू लागल्या, झाडाला पाणी कमी लागावं म्हणून. थोड्या वेळानं मला म्हणाल्या, "बाई, तुमी रोज पूजा करता. देव असं म्हणला असन का, झाड मरू दे, पण शिवू नोको?"

रोज मी देवापुढं बसते. तिथं त्यांच्यापुढं बसले आणि मीही पानं खुडू लागले.

भूपेश वरोऱ्याला निघून गेला. आईशी बोलणं टाकलं.

फाल्गुनात मी नव्या जागी गेले. कुंपण नव्हतं, बाभळीचे काटे लावले होते. साडीच्या सावलीत निंबांच्या काड्या उभ्या होत्या. काहींच्या शेंड्याला तांबूस पालवी होती. पुष्कळशा वाळल्या होत्या, पण रुखमाबाईंनी एकही फेकली नव्हती.

रविवार होता. एसटीनं भूपेश आला. माझ्याकडं पाहून मान हलवली, आईकडं पाहिलं नाही. चहा ठेवला होता, तो निवला. त्यानं रांगेच्या टोकापासून एकेक पिशवी उचलायला घेतली. खालून पाहायचा, हातभर सरकवून ठेवायचा. माझ्या शेजारी पदर सावरून बसलेल्या रुखमाबाई बघत होत्या. दर रविवारी येतो, असं त्यांनी मला हळूच सांगितलं.

एक अगदी कोरडी काडी त्याच्या हाती आली.

"सुकला हाय तो, बाबू," रुखमाबाई म्हणाल्या.

त्यानं वर पाहिलं नाही. "माहीत हाय," म्हणाला, आणि तीही पिशवी सरकवून नीट उभी केली.