अप्पांची सहा फुटी टाकी

अप्पांना जाऊन आज दोन वर्षं झाली आणि त्यांचा मासा अजून वाढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अप्पा म्हणजे माझे वडील. चिंचोळी एमआयडीसीत फिटर होते. रिटायर झाले तरी शर्टाच्या खिशात स्टीलचा टेप असायचाच.

आणि या माणसानं लहानपणी मला एकही गोष्ट मापाची घेऊन दिली नाही.

शाळेचा फ्रॉक वाढत्या अंगाचा. बूट असे, की पुढे कापूस कोंबल्याशिवाय चालता यायचं नाही. दरवर्षी आई फ्रॉकची दुमड उसवून खाली सोडायची आणि तिथं गडद निळा पट्टा दिसायचा. वर्गातल्या मुली त्या पट्ट्यावरून मला चिडवायच्या.

मी रडत घरी आले की अप्पांचं ठरलेलं उत्तर.

"तू वाढणार हाईस की. आजचं माप घिऊन काय करू?"

शेवटच्या वर्षी अप्पा अंथरुणाला खिळले. पुढच्या खोलीत भिंतीला लागून त्यांची लोखंडी खाट. दिवसभर छताकडे बघत पडायचे. मला ते बघवेना.

म्हणून एक दिवस मी ऑस्कर मासा आणला. करंगळीएवढं पिल्लू. सोबत टीव्हीशेजारी मावेल अशी छोटी टाकी.

अप्पांचं गाव उजनीच्या काठावर. मासा म्हटलं की त्यांना कालवण आठवायचं. त्यांनी पिशवीतल्या पिल्लाकडे नीट बघितलं.

"ह्यो केवढा व्हतोय?"

"चांगला दीड वीत होतो म्हणे. आणि भराभर वाढतो."

"आन ह्या डब्यात ऱ्हाणार?"

मी दुकानदाराला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, "मॅडम, टेन्शन घेऊ नका. टाकीच्या मापानंच मासा वाढतो. छोटी टाकी, छोटा मासा."

अप्पा हसले. खूप दिवसांनी हसले.

"बूट घट्ट घातला तर पाय वाढायचा थांबतो व्हय? नुसता दुखतो. त्याला इचार, मासा वळणार कसा हितं?"

फोन मीच कट केला.

मग मी मोबाईलवर शोधून त्यांना वाचून दाखवायला लागले. मासा अंगानं मोठा, पाणी पटकन घाण करतो, टाकी लांब हवी आणि वळण्यापुरती रुंदही हवी.

"लांबी किती लिवलीय?"

"चार फूट तरी पाहिजे."

अप्पांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले.

"सहा घ्यायची," ते म्हणाले. "सहा फूट लांब, दोन फूट रुंद."

घ्या. पुन्हा वाढत्या अंगाचं. मला हसू आवरेना.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अवो, नळाला चार-पाच दिसांनी पाणी येतंय. हितं मान्सं बादल्या मोजत्यात, आन माशाला सहा फुटाची टाकी? ठिवणार कुटं ती?"

अप्पांनी खाटेच्या कडेवर हात ठेवला.

"हितं. ही जागा व्हणारच हाय की मोकळी."

कुकरची शिट्टी झाली म्हणून आई आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

तोपर्यंत मासा निळ्या प्लास्टिकच्या टबात, खाटेशेजारी. अप्पा हात खाली सोडून त्याला दाणे घालायचे. तो बोटाला येऊन धडकायचा आणि त्यांना त्याची मजा वाटायची.

रोज मला विचारायचे, "काचवाल्याला सांगितलंस का?"

मी रोज म्हणायचे, सांगते.

सांगितलं नाही. टाकी आली म्हणजे काय झालेलं असेल ते मला कळत होतं. मला ती टाकी नको होती.

अप्पा गेले. तेरावं झालं, पाहुणे परतले, खाट उचलली. फरशीवर पायांचे गंजाचे डाग तेवढे राहिले. आई पुढच्या खोलीत यायचीच बंद झाली. जेवायची आत, झोपायची आत. टीव्हीवर धूळ बसली.

मग एका सकाळी तीच म्हणाली, "काचवाल्याला बोलीव."

काचवाल्यानं टबात डोकावून बघितलं. "काकू, एवढ्याशा माशाला चार फुटी लई झाली. आन सहा फुटी टाकी तुमच्या दारातनं वळायची न्हाय."

"मग हितंच बसून चिकटवा," आई म्हणाली. "माप त्येंनी दिलंय. तेवढीच करायची."

काचा आणून टाकी पुढच्या खोलीतच जोडली. अप्पांच्या कंपनीतले दोस्त अँगलचा स्टँड वेल्डिंग करून घेऊन आले. आता ती टाकी घरातून बाहेर निघणं शक्य नाही.

मासा दीड वीत झालाय. ऐटीत वळतो. आईची चाहूल लागली की काचेला येऊन भिडतो. पाणी आलं की ती आधी माशाचा ड्रम भरून ठेवते, क्लोरिन उडायला, आणि मग घरची भांडी. बादल्यांवरून भांडलेली हीच बाई.

मी म्हणते, "लेकीचे एवढे लाड केले नाहीस कधी."

"तू उलटून बोलत्येस. त्यो बोलत न्हाय."

आज सकाळी आम्ही फोटोला हार घातला. मग माशाला दाणे. मी सहज म्हणाले, "अप्पांचं माप चुकलंच पण. केवढी जागा उरलीय बघ. शेवटपर्यंत वाढत्या अंगाचंच घेतलं."

आई पदरानं टाकीची काच पुसत होती.

"माशाला चार फूट बास व्हती. त्येस्नीबी ठावं व्हतं."

"मग?"

"खाट सहा फुटाची व्हती."

पुसून झाल्यावर ती तिथंच खुर्ची ओढून बसली. रोज बसते तशी.

अप्पा, खाटेची जागा मोकळी राहिली नाही. माप बरोबर होतं.

तुमच्या आठवणीला आम्हा मायलेकींचा नमस्कार.