पेटीवरचा पिवळा दिवा

आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी आगीच्या अलार्मची लाल पेटी आहे. तिच्यावरचा पिवळा दिवा गणपतीपासून पेटलेला आहे. पिवळा म्हणजे आग नव्हे. पिवळा म्हणजे पेटी म्हणतेय, माझ्यातच काहीतरी बिघडलंय, आता आग लागली तरी मला कळेलच असं नाही. इतकं सरळ तर माणूससुद्धा बोलत नाही!

सुरुवातीला ती पिपाणीसारखी वाजायचीही. मग सेक्रेटरींनी आवाज बंद करायचं बटण शोधून काढलं आणि सगळ्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटला. दसऱ्याला मात्र तिला रीतसर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. हार नेमका दिव्यावर आला.

आज मी तो वाळका हार बाजूला सारला आणि वॉचमनमामांना म्हटलं, "मामा, हा दिवा अजून तसाच?"

"तो तसाच असतो, साहेब. लाल लागला की मी पळत येतो ना वर!"

"अहो, लाल बहुतेक लागणारच नाही, तेच तर हा सांगतोय."

"मग काय काळजी!" मामा मनापासून हसले.

लिफ्टची वाट न बघता मी तणतणत जिन्यानेच वर आलो. दारात माझी धाप बघून बायको म्हणाली, "परत छातीत दुखतंय ना? डॉक्टरकडे कधी जायचं?"

"मला काय धाड भरलीय?" मी खेकसलो.

ती गप्प झाली. ते बटण मलाही केव्हाच सापडलेलं आहे.