नगरपालिकेचा मित्र

सोकोत्रा बेटावर, आमच्या गावात, कचरा उचलायला माणूस नाही, गिधाड आहे. पांढरं, पिवळ्या तोंडाचं, कोंबडीसारखं दारातून आत डोकावणारं. आम्ही त्याला नगरपालिका म्हणतो. थानीकाकांच्या कुंपणावर तर ते रोज सकाळी हजेरी लावतं आणि काका त्याच्याशी गप्पा मारतात. गेले आठ महिने जरा जास्तच मारतात, कारण जुमानशी बोलणं बंद आहे.

जुमान टेकडीपलीकडे राहतो. साठ वर्षांची मैत्री. भेटल्यावर नाकाला नाक आमच्याकडे सगळेच लावतात, हे दोघं लावलेलं काढायला विसरायचे. खूण म्हणून काका आपल्या शेळ्यांच्या डाव्या कानाला चीर देतात, जुमान उजव्या. एकदा पाहुणे आले. धुक्यात काका बोकडासमोर उभे राहिले, आपल्या डाव्या हाताकडचा त्याचा कान चाचपला, चीर लागली, सुरी फिरवली. समोरून डावा, तो बोकडाचा उजवा! जुमानचा लाडका बोकड पाहुण्यांच्या ताटात गेला. माफी मागायची सोडून काका म्हणाले, "तुझा बोकडही तुझ्यासारखाच उलटा." झालं, संपलं.

परवा मी त्यांच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. मी गावचा मास्तर.

"मास्तर, पुस्तकात ह्या नगरपालिकेचं नाव काय?"

"निओफ्रॉन पर्क्नॉप्टेरस. पर्क्नॉप्टेरस म्हणजे काळसर पंखांचा."

"आणि पहिलं?"

"ग्रीकांच्या गोष्टीतला एक तरुण. मित्राने त्याला दगा दिला, ह्याने फसवून सूड उगवला. शेवटी देवाने दोघांचीही गिधाडं केली."

"हा सूड उगवणारा?" काका भडकले. "मासा टाकला तरी आधी माझ्या तोंडाकडे बघतो बिचारा!" मग जरा वेळाने, "तो दुसरा कुठाय?"

"त्याचं नाव एका मोठ्या काळ्या गिधाडाला दिलंय. ते आपल्या बेटावर राहत नाही."

काका कुंपणाकडे बघत राहिले. चहा निवला. "म्हणजे इथं हा एकटाच."

आतून शेखाकाकी म्हणाल्या, "त्याचा समुद्रापलीकडे आहे. तुमचा टेकडीपलीकडे. गुडघे दुखतात का?"

काका उठले. महिन्याभराचं करडू काखोटीला मारलं आणि निघाले. मी सोबत गेलो, म्हणून चढावर करडू माझ्या गळ्यात पडलं.

जुमान दारातच बसला होता. "काय आणलंस? पुन्हा माझंच?"

"कान कोरे आहेत," काका म्हणाले. "हवा तो काप."

"कुणाचा?"

"माझाही चालेल. चूक माझीच होती. फक्त नीट बघून काप, समोरून डावा-उजवा कळत नाही."

जुमान हसला नाही. काठी टेकत उठला, जवळ आला आणि नाकाला नाक लावलं.

करडू माझ्या हातात बें-बें करत होतं, शेवटी त्याने माझा सदराही ओला केला. मी दोनदा खाकरलो. दोघांनाही ऐकू आलं नाही.